कथेविना देवता : भेडाघाटच्या योगिनी आणि दैवतांच्या तुलनेचा प्रश्न

दैवतांच्या तुलनात्मक अभ्यासामागे एक गृहीत असते आणि ते इतके अंगवळणी पडलेले असते, की त्याचा उच्चारही सहसा होत नाही. देवतेला कथा असते आणि त्या कथेवरून देवतेची ओळख पटते, हे ते गृहीत. इंद्राने वृत्राला मारले, झ्यूसने टायफनला जेरीस आणले, मार्दुकाने तियामतला चिरले, थोराचा जगाला वेढून बसलेल्या सर्पाशी सामना झाला; चार कथा शेजारी ठेवल्या की चार देव एका कुळातले वाटू लागतात. कथेचा सांगाडा हाती असला की तुलना सोपी होते. परंतु ज्या देवतेला कथाच नाही, निदान आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही, तिचे काय करावयाचे? मराठीतील दैवतविषयक लेखन विपुल आहे आणि त्यातील काही अव्वल दर्जाचे आहे. तरी हा प्रश्न जितक्या नेटाने विचारला जावा तितका विचारला गेलेला नाही. तो विचारावयास भाग पाडणारे एक स्थळ जबलपूरजवळ, नर्मदेच्या काठी आहे.

जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना वाटेत तेवर लागते. हीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. १९३९ साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन जेथे भरले, तीही हीच. बहुतेक प्रवाशांना भेडाघाट ठाऊक असतो तो संगमरवरी कड्यांसाठी आणि धुआंधार धबधब्यासाठी. त्या कड्यांच्या अलीकडे एका टेकडीवर, शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर, एक वर्तुळाकार ओवरी लागते. ओवरीच्या आतल्या अंगाला कोनाडे आहेत आणि कोनाड्यांत योगिनी बसलेल्या आहेत. मंडळावर छप्पर नाही. मध्ये उघडे आकाश. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा अकराव्याच्या आरंभी कलचुरी राजांच्या आश्रयाने हे मंडळ उभे राहिले असे अभ्यासक मानतात. काही मूर्ती, विशेषतः नृत्यमुद्रेतील उभ्या, त्याहूनही जुन्या आहेत. बहुतेक मूर्ती भंगलेल्या आहेत: हात नाहीत, तोंडे नाहीत. मात्र बैठकींवर कोरलेली नावे पुष्कळ ठिकाणी शाबूत आहेत, आणि साहित्याच्या अभ्यासकाचे काम तेथूनच सुरू होते.

लोक या स्थळाला चौसष्ट योगिनी म्हणतात. मंडळ मात्र एक्याऐंशींचे आहे. आठ मातृकांच्या आठ-आठ शक्ती म्हणजे चौसष्ट, ही गणना सर्वत्र रूढ आहे. ओडिशातील हिरापूर आणि राणीपूर-झरियाल, मुरैना जिल्ह्यातील मितावली येथील वर्तुळे चौसष्टांचीच म्हणून ओळखली जातात. नवाची नवपट करणारे एक्याऐंशींचे मंडळ ही विरळा गोष्ट होय. विद्या देहेजिया यांनी योगिनीपंथावरील १९८६ सालच्या आपल्या ग्रंथात या एक्याऐंशींचा संबंध राजाश्रयाशी जोडला आहे. दगडात एक संख्या आणि लोकांच्या तोंडी दुसरी, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. ‘चौसष्ट’ हा शब्द मराठीतही निव्वळ आकडा उरलेला नाही. चौसष्ट कला म्हणताना कोणी कला मोजीत नाही.

आता नावे. ब्रह्माणी, माहेश्वरी, वैष्णवी, वाराही या मातृका ओळखीच्या आहेत. जान्हवी आणि यमुना या नद्या आहेत. रणजिरा, अंतकारी, दर्पहारी ही नावे संस्कृत जाणणाऱ्याला उलगडतात. सर्वतोमुखी हे नाव मूर्तीच्या अनेक तोंडांवरूनच पडलेले दिसते. कामदा हेही नाव सोपे, आणि तिच्या बैठकीवर योनिपूजेचे दृश्य कोरलेले असल्याने त्या नावाचा रोख कोणीकडे आहे याविषयी शंका राहत नाही. थिरचित्ता हे नाव लक्षणीय आहे, कारण ते ‘स्थिरचित्ता’ असे संस्कृतात न लिहिता प्राकृत वळणाने कोरले आहे. त्यापुढे मात्र वाट अंधारी होते. एरुडी, ठाणी, ठाकिनी, तेरंवा. या शब्दांचे अर्थ खात्रीने सांगता येत नाहीत. वाचनांतही फरक आहेत. एका अभ्यासकाने ‘धनेंद्री’ वाचले तेथे दुसऱ्याने ‘फणेंद्री’ वाचले, आणि एका अक्षराने ती देवता धनाकडून नागांकडे गेली.

यांतील दोन नावे शेजारी ठेवली म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप उघड होते. तेरंवा या नावाची मूर्ती अनेक हातांची असून ती महिषासुराचा वध करीत आहे. म्हणजे कथा आपल्याला ठाऊक आहे. देवीमाहात्म्याने ती घरोघर पोहोचविली आहे. पण नाव अनोळखी. दुर्गा नाही, चंडी नाही, कात्यायनी नाही, तेरंवा. दुसरीकडे मंदोदरी हे नाव. ते वाचताक्षणी रामायण जाणणाऱ्याच्या मनात लंका उभी राहते, रावणाची राणी उभी राहते. योगिनींच्या मंडळात त्या राणीचे काय काम? की येथे हा शब्द केवळ कृशोदरी स्त्रीचे वर्णन आहे? गांधारी या नावाचीही तीच गत. एकीकडे कथा आहे आणि नाव बसत नाही. दुसरीकडे नाव आहे आणि कथा बसत नाही. तुलनाकाराचा हात अशा वेळी आपोआप मोकळी जागा भरून काढण्याकडे वळतो. तो तेरंवाला ‘दुर्गेचे स्थानिक रूप’ म्हणून टाकतो आणि मंदोदरीला ‘दैवतीकरण झालेली रामायणातील स्त्री’ म्हणतो. दोन्ही विधाने खोटी ठरविता येत नाहीत. पण दोन्हींमध्ये ज्ञात गोष्टीने अज्ञात गोष्ट झाकलेली आहे, उलगडलेली नाही.

ही झाकण्याची रीत फार जुनी आहे. हिरोडोटसने ईजिप्तच्या देवांविषयी लिहिताना अमुनला झ्यूस म्हटले, ओसायरिसला डायोनिसस आणि आयसिसला डिमीटर. मेगॅस्थेनीसला भारतात हेराक्लीस आणि डायोनिसस भेटले. टॅसिटसने जर्मन टोळ्या सर्वाधिक भक्ती मर्क्युरीची करतात असे लिहिले. त्या टोळ्यांच्या मुखी ते नाव नव्हते, त्यांचा देव वोडन. या समीकरणाचा ठसा आठवड्याच्या वारांवर आजही आहे. लॅटिन मर्क्युरीचा वार जर्मनभाषक प्रदेशांत वोडनचा वार झाला, आणि ग्रहांच्या त्याच क्रमाने आपल्याकडे तो बुधवार आहे. पंचांगापुरते हे समीकरण चोख बसते. पण एक डोळा देऊन ज्ञान मिळविणारा, झाडाला स्वतःला टांगून घेणारा वोडन. वाटसरूंचा आणि व्यापाऱ्यांचा चपळ मर्क्युरी. आणि तारेच्या पोटी जन्मलेला, ज्याच्या पितृत्वावरून देवांत कलह माजला तो चंद्रपुत्र बुध, या तिघांत वाराखेरीज काय समान आहे? समीकरण जितके सोयीचे तितके ते कमी सांगते.

एकोणिसाव्या शतकात भाषाशास्त्राने या रीतीला नवे बळ दिले. द्यौस्, झ्यूस, ज्युपिटर ही मालिका मॅक्स म्युल्लरच्या पिढीला किल्लीसारखी वाटली, आणि त्या एका दाराला ती खरोखर लागतही होती. टिळकांनी १८९३ सालच्या ‘ओरायन’मध्ये ग्रीक व्याधपुरुषाची सांगड मृगशीर्षाशी आणि प्रजापतीच्या कथेशी घातली, आणि ‘ओरायन’ हा शब्दच ‘आग्रयण’ या वैदिक शब्दाशी जोडून पाहिला. ग्रंथाची झेप मोठी आहे. वेदकाळ ठरविण्यासाठी आकाशाकडे पाहावे ही कल्पनाच त्या काळी विलक्षण होती. तरीही नामसादृश्यावर उभारलेला त्यातील भाग आज टिकत नाही. नावाचा ध्वनी जुळला की देव जुळला, ही घाई त्या सर्व पिढीची होती. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युंग आणि नॉर्थ्रॉप फ्राय यांच्या प्रभावाने आदिबंधात्मक समीक्षा आली, म. सु. पाटील, गंगाधर पाटील यांच्यासारख्या समीक्षकांनी ती मराठीत गांभीर्याने रुजविली. काव्यातील प्रतिमांच्या तळाशी जाण्याचे एक साधन तिने दिले हे मान्यच करावे लागेल. पण तिच्या किरकोळ अनुयायांच्या हाती ‘महामाता’ ही एक अशी थैली झाली, की तीत इश्तार, सिबिली, काली, डिमीटर आणि गावची मरीआई सगळ्या सारख्याच मावतात. भेडाघाटच्या एक्याऐंशींना त्या थैलीत घालणे हा अर्ध्या ओळीचा खेळ आहे. मग कोरक्याने एक्याऐंशी वेगळी नावे कोरण्याचे कष्ट का घेतले, याचे उत्तर ती समीक्षा देत नाही.

तुलना टाळावी असा याचा अर्थ नव्हे. योग्य जोडीदार शोधला पाहिजे. योगिनींची तुलना ग्रीक कथांतील देवतांशी करण्याऐवजी ग्रीक नामावल्यांशी केली तर काय दिसते? हेसिअडच्या ‘थिओगनी’त नेरेउसच्या मुलींची यादी येते. पन्नास समुद्रकन्यांची नावे कवी ओळीने घेत जातो. थेटिस, अँफिट्राइट यांच्यासारख्या तीन-चार सोडल्या तर इतरांना कथा नाही. त्या नावापुरत्याच आहेत. पण त्या नावांचा अर्थ लावला की ध्यानात येते की बहुतेक नावे समुद्राच्याच अवस्था आहेत: शांत पाणी, वेगवान लाट, किनारा, गलबतांची सुखरूप वाटचाल. शेवटी-शेवटी सत्यवचन आणि नेमकेपणा यांसारखे, बापाच्या स्वभावातले गुण येतात. म्हणजे ही यादी वरवर पाहता कोरडी असली तरी ती समुद्राचे वर्णनच आहे. एकच वस्तू पन्नास नावांत उलगडलेली आहे.

बाबिलोनच्या सृष्टिकाव्याचा, ‘एनुमा एलिश’चा शेवट याच्या उलट दिशेने जातो. तियामतच्या वधानंतर देवांची सभा मार्दुकाला पन्नास नावे देते आणि प्रत्येक नावाचा अर्थ सांगितला जातो. इतर देवांची नावे आणि अधिकार त्याच्याकडे गोळा होतात. नामावली येथे सत्तेचे साधन आहे. अनेकांचे एकात विसर्जन करण्याचे. आपली सहस्रनामे याच जातीची. विष्णूची हजार नावे असोत की ललितेची, भाविकाला प्रत्येक नावामागे एकच मुख दिसावयाचे असते. रोमन धर्मातील क्षुद्र दैवतांची गोष्ट तिसरी: दाराच्या फळीचा एक देव, बिजागरीची एक देवी, उंबऱ्याचा एक देव. एका दाराला माणूस एकच द्वारपाल ठेवतो आणि यांना तीन देव लागतात, अशी सेंट ऑगस्टीनने त्यांची टर उडविली आहे. टर मजेदार आहे. पण प्रत्येक कृतीला आणि प्रत्येक वस्तूला तिचे-तिचे नाव असावे, या आग्रहामागची बुद्धी ऑगस्टीनला दिसली नाही, किंवा त्याला ती पाहावयाची नव्हती.

भेडाघाटची नामावली या तिन्हींपैकी कोणत्याही साच्यात पुरती बसत नाही. तिच्यात नद्या आहेत, मातृका आहेत, युद्ध आहे, इंद्रजाल आहे, बीभत्स आहे, चित्ताचे स्थैर्य आहे, आणि अर्थ न लागणारे देशी शब्द आहेत. नेरेउसच्या मुलींप्रमाणे ती एका वस्तूचे वर्णन नाही. सहस्रनामाप्रमाणे ती एका मुखाकडे धावत नाही, कारण प्रत्येक नावाला येथे स्वतंत्र शरीर, स्वतंत्र वाहन आणि स्वतंत्र कोनाडा आहे. आणि वर्तुळाला पहिली जागा नसते. आरंभ कोठून करावा हे पाहणाऱ्यानेच ठरवावयाचे. पुराणांतील योगिनींच्या याद्या, अग्निपुराणातली असो वा स्कंदपुराणाच्या काशीखंडातली, परस्परांशी जुळत नाहीत आणि भेडाघाटशीही फारशा जुळत नाहीत. ग्रंथांनी ठरविलेली एक नामावली दगडात उतरली असा हा प्रकार नाही. संस्कृत पंडिताची, प्राकृत बोलणाऱ्याची आणि रानातल्या वस्तीची अशा तिन्ही जिभांवरची नावे येथे एका वर्तुळात बसली आहेत, असे मानावयास जागा आहे.

त्या काळाचे साहित्य याबाबत काय सांगते? त्रिपुरीच्या दरबाराशी राजशेखराचे नाव निगडित आहे. त्याची ‘विद्धशालभंजिका’ ही नाटिका युवराजदेव पहिला याच्या सभेसाठी रचलेली, हे मत वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. आपल्या पणजोबाला, अकालजलदाला, हा कवी महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवितो. म्हणजे मराठी वाचकाला तो परका नाही. त्याच्या ‘कर्पूरमंजरी’ या संपूर्ण प्राकृत सट्टकात भैरवानंद नावाचा कौल सिद्ध आहे. तो मद्य, मांस आणि स्त्री यांच्या धर्माची बढाई मारीत रंगमंचावर येतो आणि मंत्रबळाने दक्षिणेकडील राजकन्येला राजापुढे आणून उभी करतो. कौलमार्गाचे असे हसरे, थोडे उपहासाचे चित्र रंगविणारा कवी आणि योगिनींचे मंडळ उभारणारे राजघराणे यांच्यात फार तर काही दशकांचे अंतर आहे. राजशेखराला सिद्ध दिसला, त्याची करामत दिसली. योगिनी दिसल्या नाहीत. दरबारी साहित्याला पात्र लागते, पात्राला कृती लागते, कृतीतून कथा होते. जे नुसते वर्तुळात बसून राहते ते नाटकात येत नाही. म्हणून या मंडळाविषयी त्या काळच्या काव्यनाटकांचे मौन हे उपेक्षेचे लक्षण असेलच असे नाही. ती प्रकाराची मर्यादाही असू शकेल.

कथा मात्र रिकामी जागा सोडीत नाही. वर्तुळाच्या आत आज जे गौरीशंकराचे मंदिर आहे, त्यात नंदीवर बसलेले शिवपार्वती आहेत, आणि पायऱ्या चढून येणारे बहुतेक भाविक त्यांच्याच दर्शनाला येतात. बाराव्या शतकात राजा गयाकर्णाची राणी अल्हणदेवी हिने येथे शिवालय, मठ आणि अध्ययनशाळा बांधविल्याचा, कलचुरी संवत् ९०७ चा म्हणजे इ. स. ११५५ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. मेवाडच्या गुहिल राजाची ही मुलगी आणि माळव्याच्या परमार उदयादित्याची नात. तिच्या लेखातल्या देवाला नाव आहे, वंश आहे, स्तुती आहे. (तो शिलापट्ट पुढे फिट्झएडवर्ड हॉल याच्यामार्फत अमेरिकेतील प्राच्यविद्या संस्थेकडे गेला. नर्मदेकाठच्या राणीचा लेख अटलांटिकपार आणि योगिनींची नावे जागच्या जागी, असा हा प्रवास.) मध्यभागी कथेचे देव आणि भोवती कथेविना देवता, अशी रचना काळाने केली आहे. ती पाहूनच या स्थळाचा अर्थ लावला तर काठावरच्या साऱ्या योगिनी शिवाच्या दासी ठरतात. मंडळ आधीचे आणि अल्हणदेवीचे बांधकाम नंतरचे, हे ध्यानात ठेवले तर तसे म्हणता येणार नाही.

टेकडीखालून वाहणाऱ्या नदीचीही कथा आहे, आणि ती जबलपूरला राहिलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने टिपून ठेवली. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या स्लीमनने १८४४ साली छापलेल्या आपल्या आठवणींत नर्मदा आणि शोण यांच्या मोडलेल्या लग्नाची कथा दिली आहे. वराची मिरवणूक कशी आहे ते पाहावयास नर्मदेने न्हाव्याच्या मुलीला, जोहिलेला, पाठविले. शोण तिच्यावरच भाळला. संतापलेली नर्मदा पश्चिमेला वळली आणि कायमची कुमारिका राहिली. ग्रीक पुराकथांत नद्या बहुधा पुरुष आहेत. आल्फेउस नदी अरेथुसेच्या मागे समुद्राखालून धावत जाते आणि सिसिलीत तिला गाठते. दोन्ही कथांत पाणी, काम आणि पलायन आहे. तरी एका कथेत पळणारीला पाठलाग चुकवावयाचा आहे आणि दुसरीत नदी स्वतःच पाठ फिरविते. येथे फरक हाच आशय आहे. शोण आणि नर्मदा अमरकंटकाच्या परिसरात उगम पावून विरुद्ध दिशांना जातात, हा भूगोल त्या कथेच्या मुळाशी आहे, आणि कोणत्याही महामातेच्या सिद्धान्तापेक्षा तो अधिक उपयोगी आहे.

या प्रदेशाचा मराठी विद्येशी असलेला संबंध येथे सांगितला पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सागरच्या मराठ्यांकडून जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्याने १९५६ पर्यंत त्रिपुरी ही नागपूरच्या विद्वानांच्या परसातच होती. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताचे कोरीव लेख १९५५ साली इंग्रजीत संपादित केले, आणि कलचुरींचा इतिहास मराठीतही लिहिला. त्यांचे लक्ष वंशावळी, दाने आणि तिथी यांवर असणे स्वाभाविक होते. राजांचा कालक्रम लावल्याखेरीज पुढचे काहीच शक्य नव्हते. योगिनींच्या बैठकीवरील त्रोटक नावांना त्या कामात दुय्यम स्थान मिळाले. ती वाङ्मय म्हणून वाचण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकांकडे येत होते. ते त्यांनी घेतले नाही.

वास्तविक मराठी अभ्यासकाची या कामासाठी तयारी इतरांपेक्षा अधिक आहे. कथेआधी नाव असू शकते, हा अनुभव त्याच्या घरचाच आहे. विठ्ठल हे नाव घ्या. संस्कृत व्युत्पत्ती लावण्याचे अनेक प्रयत्न झाले, एकही निर्णायक ठरला नाही. पुराणांत या देवाला पराक्रम नाही, असुरवध नाही. पुंडलिकाची कथा ही त्याच्या उभे राहण्याचे स्पष्टीकरण आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात गवळी-धनगरांच्या देवापासून वैष्णव दैवतापर्यंतची वाट शोधून काढली, आणि ती शोधताना स्थळे, शब्द आणि विधी यांच्यावर भिस्त ठेवली. त्याआधीच्या ‘लज्जागौरी’त (१९७८) मस्तकहीन, उत्तानपाद मूर्तींचा अर्थ लावताना त्यांनी रेणुका, यल्लम्मा, मातंगी यांच्या नावांची आणि पूजाविधींची उकल केली. भेडाघाटच्या कामदेला वाचावयाचे तर सुरुवात त्या ग्रंथापासून करावी लागेल. ढेरे यांच्या पद्धतीत एक धोका आहे हेही नमूद केले पाहिजे: समन्वयाच्या ओढीने कधी कधी दोन देवतांमधली शिवण दिसेनाशी होते. तरी त्यांनी शिवण कोठे होती हे सांगितल्यावाचून ती पुसली नाही. डी. डी. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या ग्रंथात पुण्याभोवतीच्या मावळात भटकून बोल्हाई, मेंगाई यांसारख्या देवींची दखल घेतली. अशी कित्येक नावे एका गावाबाहेर कोणाला माहीत नसतात, आणि त्यांचा अर्थ त्या गावालाही सांगता येत नाही. त्या देवींना कथा नाही. पण पाणी कोठे आहे, वाट कोठे वळते, पूर्वी वस्ती कोठे होती, हे त्यांच्या ठाण्यांवरून कळते. गोंधळाच्या आरंभी गोंधळी देवदेवतांना गावागावांतून बोलावतो, तेव्हा तोही कथा सांगत नसतो. नाव आणि गाव, एवढेच. कथा नंतर, रात्र चढल्यावर. ऐकणाऱ्यांना ते आवाहन कोरडे वाटत नाही. ही नामावली वाङ्मय आहे की नाही, असा प्रश्न ज्या समीक्षेला पडतो, तिने वाङ्मयाची व्याख्या छापील पुस्तकावरून केलेली असते.

आधुनिक मराठी कवितेत जगभरच्या पुराकथांतील स्त्रिया एकत्र आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न अरुण कोलटकर यांच्या ‘भिजकी वही’त (२००३) आहे. कवीच्या निधनानंतर, २००५ साली, या संग्रहाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ईजिप्तची आयसिस, ट्रॉयची कॅसांड्रा, ऋग्वेदातील अपाला, अलेक्झांड्रियाची हिपेशिया. कोणी देवता, कोणी ऋषिका, कोणी इतिहासातली विदुषी. अश्रू हे संग्रहाचे सूत्र आहे हे समीक्षकांनी पुष्कळदा सांगितले. त्याहून महत्त्वाचे असे की कोलटकर या स्त्रियांची समीकरणे मांडीत नाहीत. आयसिस म्हणजेच अमुक, कॅसांड्रा म्हणजेच तमुक, असे तेथे होत नाही. प्रत्येकीला तिचे नाव, तिचा देश आणि तिचे दुःख असते; त्या एकमेकींशेजारी बसतात आणि वाचकाने एकीपासून दुसरीपर्यंत चालत जावयाचे असते. संदर्भांची दाटी काही ठिकाणी कवितेला जड जाते, आणि पौराणिक तपशील माहीत नसलेल्या वाचकाला तेथे थांबावे लागते, हे खरे. पण तुलनेची ही रीत, शेजारी बसविण्याची, थैलीत न भरण्याची, मराठी समीक्षेपेक्षा मराठी कवितेला आधी साधली. कोलटकरांच्या हाती कथा होत्या. त्यांनी त्या नव्याने सांगितल्या. भेडाघाटला कथा नाहीत, आणि तेथे नव्याने सांगण्याचा मोह आवरावा लागतो.

मग तेथे करावयाचे काय? पहिले काम वाचनाचे आहे. कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात ही नावे नोंदविली, राखालदास बॅनर्जी यांनी त्रिपुरीच्या हैहयांवरील १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात या वास्तूचा परामर्श घेतला, पुढे देहेजिया यांनी मूर्तींसह त्यांचा विचार केला. ही वाचने एकमेकांशेजारी ठेवून अक्षरांची पुन्हा तपासणी व्हावयास हवी. ‘धनेंद्री’ आणि ‘फणेंद्री’ यांचा निकाल तर्काने लागणार नाही, दगडापुढे बसूनच लागेल. दुसरे काम कोशाचे. हेमचंद्राची ‘देशीनाममाला’ बाराव्या शतकातली, म्हणजे या मंडळाला फार दूरची नाही. संस्कृतातून न आलेले शब्द तिने जपले आहेत. त्यांच्या जोडीला महानुभाव गद्यातली आणि यादवकालीन लेखांतली जुनी मराठी, बुंदेली आणि बघेली बोली, आणि मंडला-जबलपूरच्या गोंड वस्त्यांतील देवतांची नावे लावून पाहावी लागतील. ‘ठाणी’ या शब्दाशी मराठी कान लगेच ‘ठाणे’ जोडतो: देवीचे ठाणे, देव ठाण मांडून बसतो. संस्कृत ‘स्थान’चे हे प्राकृत वळण ‘थिरचित्ते’च्या शेजारी शोभणारे आहे. पण तेथेही सावध राहणे बरे, कारण नामसादृश्याची घाई किती महाग पडते हे ‘ओरायन’ने दाखविले आहे. एरुडी आणि तेरंवा यांना तर असा आधारही अद्याप सापडलेला नाही, आणि तो सापडेपर्यंत महिषाला मारणाऱ्या त्या देवीला तेरंवा या नावानेच हाक मारणे योग्य होय.